कासव खडकावरची गवताची होडी

कासव खडकाच्या पाठीवर एक बांबू उभा करायचा. मोहीम म्हणाल तर एवढीच! बांबूच्या टोकाला लाल लुगडं बांधायचं, बांबू खडकात घट्ट बसवायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. मनोरीच्या किनाऱ्यावरून खडक स्वच्छ दिसायचा. ओहोटीला तर हात लांब केला की लागेल असं वाटायचं. पण त्या खडकाला कित्येक वर्षांत माणसाचा पाय लागला नव्हता, आणि त्याला तसंच कारण होतं.

कासव म्हणजे दर्यातली एक काळी पाठ. भरतीला जेमतेम घराच्या ओटीएवढा कातळ पाण्याबाहेर राहायचा. बाकी सगळा खडक पाण्याखाली, चहूबाजूंना लांबवर पसरलेला, आणि त्यावर कालवांचे थर, ब्लेडसारखे धारदार. पाठीच्या मधोमध पूर्वी एक लोखंडी खांब होता आणि खांबावर लाल रंगवलेलं पिंप. त्या पिंपाकडे बघूनच होड्या खाडीच्या तोंडाशी वळायच्या. शहाऐंशीच्या पावसाळ्यात वादळानं तो खांब मोडून नेला. गुडघाभर खुंट तेवढा राहिला. सरकारी माणूस आला, दुर्बिणीतून बघून गेला आणि पुढच्या वर्षी करू म्हणाला.

पण दर्या पुढच्या वर्षापर्यंत थोडाच थांबतो! नारळी पुनवेला होड्या बाहेर पडल्या आणि महिना उलटायच्या आत चंदर कोळ्याची होडी एका धुरकट सकाळी कासवावर चढली. फळी न् फळी सुटली. माणसं वाचली, पण चंदरचा उजवा पाय फळ्यांत सापडून मोडला. पाय हळूहळू सांधला, मन नाही. चंदर दिवसभर किनाऱ्यावर बसून राहायचा, तोंड दर्याकडे. पण घोटाभर पाण्यातही पाऊल टाकायचा नाही. घरातली उरलेली एकच मोठी, इंजिनाची होडी आता धाकटा भाऊ बळवंत घेऊन जायचा. बळवंत परत दिसेपर्यंत चंदर जागचा हलत नसे आणि कुणाशी बोलतही नसे.

बळवंतनं दसऱ्याआधी एकदा लहान होडीतून खडक गाठून पाहिला. लाटेनं होडी उचलली, कालवांवर आपटली आणि तळाला हे भगदाड! पाणी उपसत उपसत तो कसाबसा परत आला. खडकाला लाकूड चालत नाही, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

आणि इथे क्लेमेंट गोष्टीत शिरतो. तसा तो कुठल्याही गोष्टीत न बोलावता शिरायचाच.

क्लेमेंट मनोरीचाच. त्याचं घर गावातल्या जुन्या कुरसाजवळ, म्हणजे दगडी क्रूसाजवळ, पुढे वांग्यांचा वाफा, मागे माड. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर गेला आणि अर्धं जग पालथं घालून आला. मग कंपनी बुडाली आणि तीन वर्षांपासून क्लेमेंट जमिनीवर अडकला होता. जमिनीवर त्याला चैन म्हणून नव्हती. खुर्चीत बसला की गुडघा हलायचा, अंथरुणावर पडला की डोळे आढ्याला. बाजारात जायला निघायचा आणि खाडीपलीकडच्या मार्व्याच्या धक्क्यावर जहाजं बघत उभा राहायचा. त्याची बायको मार्सेलिना येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “कुणीतरी नांगर टाका रे याला!”

त्याच्या जिभेलाही नांगर नव्हता. ती सारखी एकाच देशाकडे धावायची. पेरू! दक्षिण अमेरिकेतला पेरू देश, स्पॅनिश बोलणारा. सालाव्हेरी नावाच्या बंदरात मासळीचं पीठ भरायला त्याचं जहाज लागलं होतं. त्या पिठासाठी त्या देशात इतकी बारीक मासळी पकडतात, की आपली सगळी बंदरं एकत्र केली तरी पुरी पडायची नाहीत, असं तो सांगायचा. तिथला दर्या बर्फासारखा गार, म्हणून किनाऱ्यावर पाऊसच नाही. पाऊस नाही म्हणून दर्याच्या काठी कच्च्या मातीचं एक अख्खं शहर शेकडो वर्षं उभं आहे, आणि त्याच्या भिंतींवर मासे आणि जाळी कोरलीयत. बटाटे जांभळे आणि काळेसुद्धा. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते, आणि एके काळी ती विष्ठा विकून सरकारची तिजोरी भरायची. मासळी लिंबाच्या रसात घालून तशीच कच्ची खातात. हे शेवटचं ऐकलं की मार्सेलिना कानावर हात ठेवायची.

“पेरू काय?” नाक्यावरची पोरं विचारायची. “आणि शेजारचा देश कुठला, सीताफळ?”

क्लेमेंट चिडायचा, शपथा घ्यायचा. कुणी विश्वास ठेवत नसे. हळूहळू असं झालं, की त्यानं भरतीची खरी वेळ सांगितली तरी माणसं दुसऱ्याला विचारून खात्री करून घेत. हे त्याला फार लागायचं. जहाजावर त्याच्या शब्दावर नांगर पडत आणि उचलले जात; इथे त्याच्या शब्दाला वांग्याचाही भाव नव्हता.

बळवंतची होडी फुटली त्या संध्याकाळी तो चंदरच्या अंगणात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “लाकूड नको. गवत पायजे!”

“म्हशीला?” बळवंतनं विचारलं.

“होडीला रे! पेरूमधे ओआन्चाको म्हणून गाव हाय, कोळ्यांचं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाणगवताच्या मोळ्या बांधून होड्या करतात, टोक असं वर वळवलेलं. घोड्यावर बसतात तसे वर बसतात, पाय दोन्हीकडं सोडून. या एवढाल्या लाटा फोडून आत जातात न् मासळी घेऊन लाटेवरनं किनाऱ्याला येतात. संध्याकाळी सगळ्या होड्या वाळूत उभ्या करून ठेवतात, टोक आभाळाकडं. लांबनं वाटतं, माणसंच उभी हायत. बळ्या, गवत फुटत नाय! त्याला भोक पडायला तळच नाय!”

बळवंत हसणार होता. पण चंदर, जो महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता, हळूच म्हणाला, “करून तर बघा.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून क्लेमेंटच्या पायांना जणू चाकं लागली. पाणकणीस शोधायला तो गोरेगावच्या पूर्वेला दिंडोशीपर्यंत भटकला आणि तिथल्या एका जुन्या दगडखाणीच्या तळ्यात त्याला ते सापडलं: दोन पुरुष उंच, शेंड्याला तपकिरी कणसं, दाट रान. तो आणि बळवंत कोयते घेऊन छातीभर पाण्यात उतरले. जळवा पोटऱ्यांना चिकटल्या. एकदा बळवंतनं कापलेली पेंडी खांद्यावर टाकली तर तिच्यातून वीतभर रुंद वाटावी अशी धामण सळसळत त्याच्या छातीवरून खाली उतरली. तो असा काही ओरडला, की खाणीतले कामगार धावत आले. आणि मासळी नेणाऱ्या टेम्पोतून तो सगळा हिरवा ढीग मालाडच्या बाजारातून मार्व्याला निघाला, तेव्हा दुकानदारांनी विचारलं, कुणाच्या लग्नाचा मांडव?

ऑक्टोबरच्या उन्हात गवत वाळलं, हलकं झालं, सोन्यासारखं पिवळं पडलं. भाऊबीज झाल्यावर बांधणी सुरू झाली. गाठी बळवंतच्या, आकार क्लेमेंटच्या आठवणीतला. दोन जाड मोळ्या शेजारी शेजारी, काथ्याच्या दोरीनं करकचून आवळलेल्या, आणि पुढचं टोक ताणून वर वळवलेलं. होडी तयार झाली आणि दोघांनी उचलून पाहिली. इतकी हलकी! क्लेमेंट तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिला.

“उद्याच जाऊ,” तो म्हणाला.

“उद्या? वेडा का खुळा?” बळवंत म्हणाला. “पुनवेच्या मोठ्या ओहोटीशिवाय कासवावर पाय ठेवायला जागा मिळणार नाय. आठवडा हाय त्याला. तवर होडी पाण्यात टाकू.”

कोळ्याच्या हाताला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. उन्हात राहिलेली होडी म्हणजे फाटलेली होडी. फळ्या सुकतात, सांधे उघडतात, पाणी आत येतं. म्हणून बाहेर काढायच्या आधी होडी खाडीत बांधून चांगली फुगवून घ्यायची, हे बळवंतच्या आजोबांपासून चालत आलेलं. त्यानं मायेनं ती गवताची होडी खाडीत सोडली, खुंटाला बांधली आणि रोज सकाळी जाऊन हात फिरवून पाहिली. दिवसागणिक ती थोडी थोडी खाली बसत होती.

“बघ, कशी छान बसली पाण्यात,” तो समाधानानं म्हणाला. “आता डुलणार नाय.”

क्लेमेंटनं मान हलवली. होड्यांतलं बळवंतला जास्त कळतं, असं त्याला वाटलं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे, उजाडता उजाडता, ते निघाले. मार्सेलिनानं आपल्या आईचं जुनं लाल चौकडीचं लुगडं क्लेमेंटच्या कमरेला गुंडाळून दिलं. तोंडानं मात्र ती त्याला शिव्या घालत होती.

“बांबूला बांधायचं नि सरळ घरी यायचं. कळलं? लुगडं गेलं तर चालेल. तू गेलास तर बघ!”

चंदर काठी टेकून वाळूत उभा होता. त्यानं बळवंतच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

सरती ओहोटी त्यांना आपोआप बाहेर घेऊन चालली. पुढे क्लेमेंट, मागे बळवंत, दोघांचे पाय दोन्हीकडे पाण्यात, आणि होडीच्या कडेला आडवा बांधलेला लांबलचक बांबू. पहिली लाट आली. क्लेमेंटनं श्वास रोखला. वळलेलं टोक वर गेलं, लाट पोटाखालून सरकली आणि होडी पलीकडे अलगद उतरली. दुसरी लाट! तिसरी! होडी प्रत्येक लाटेवर मान उंचावून चढत होती.

“झकास!” बळवंत ओरडला. “अरे, खरंच चालते रे!”

“मग? मी काय खोटं सांगत होतो?” क्लेमेंटला इतका आनंद झाला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खाऱ्या तुषारांत मिसळून गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा गुडघा हलत नव्हता.

उजेड पसरला. मागे मनोरीचे माड बारीक झाले, उत्तरेकडे गोराईचा किनारा धुक्यात बुडालेला, आणि समोर कासवाची पाठ पाण्यातून वर येत चाललेली, ओली, काळी, कडेनं पांढऱ्या फेसाची झालर. वरून पांढरे कुरव ओरडत जात होते. वारा पडला होता. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता, आणि दोघांनाही वाटत होतं, की काम झाल्यात जमा आहे.

मग क्लेमेंटच्या लक्षात आलं, की निघताना मांडीपर्यंत असलेलं पाणी आता कमरेला लागतंय.

त्यानं जोरात वल्हं मारलं. होडी पुढे गेली, पण मनाविरुद्ध. लाट आली; टोक वर आलंच नाही, लाटेच्या पोटात घुसलं आणि पाणी क्लेमेंटच्या छातीवर आदळलं.

“बळ्या, जड झाली रे ही!”

“बसलीय जरा…” बळवंत म्हणाला आणि थांबला. त्यानं मूठभर गवत धरून पिळलं. बोटांमधून पाणी गळलं. त्याचा चेहरा उतरला. “क्लेमेंट, तुझ्या त्या गावात संध्याकाळी होड्या कुठं ठेवतात म्हणालास?”

“शंभरदा सांगितलंय. वाळूत. उभ्या करून.”

“उभ्या का?”

“का म्हणजे?”

“आडव्या का नाय? उभ्या का करतात?”

क्लेमेंटच्या हातातलं वल्हं थांबलं. ती होड्यांची रांग त्याच्या डोळ्यांपुढे आली. संध्याकाळचं ऊन. आभाळाकडे वळलेली टोकं. आणि प्रत्येक होडीच्या बुडाशी वाळूत एक ओला, काळा डाग. तो डागही त्यानं पाहिला होता! सगळं पाहिलं होतं आणि शंभर वेळा सांगितलं होतं. पण उभ्या का करतात, हे त्यानं तिथल्या एका माणसालाही विचारलं नव्हतं.

“पाणी गाळायला,” तो पुटपुटला. “रोज वाळवतात.”

“आणि मी आठवडाभर पाण्यात बांधून ठेवली,” बळवंत म्हणाला.

“मी पण बघत होतो ना रोज,” क्लेमेंट म्हणाला.

मागे किनारा दूर, आणि ओहोटी अजून बाहेर खेचत होती. या ओझ्यासकट तिच्याविरुद्ध वल्हवणं माणसाच्या हातचं नव्हतं. पुढे कासव. ते चुकलं तर त्याच्यापलीकडे फक्त दर्या.

“खडक!” बळवंत ओरडला. “मार वल्हं! मार!”

त्यांनी वल्ही मारली. खांदे भरून आले. तळहातांची सालटं निघाली. खडकावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज वाढत गेला, इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. काळी पाठ समोर उभी राहिली. मागे एक लाट फुगत होती, हिरवी, उंच.

“ही घ्यायची!” क्लेमेंटनं ओरडून सांगितलं. “सरळ धर!”

लाटेनं होडी उचलली. क्षणभर दोघं हवेत! मग होडी खाली आली, थेट कालवांवर. लाकूड असतं तर तिथेच चुरा झाला असता. गवताची होडी नुसती वाकली, दबली आणि खरखरत, घसरत, अंगावरचे धागे तुटत तुटत वर सरकत गेली. गवत फुटलं नाही!

क्लेमेंटनं खुंटाकडे उडी घेतली आणि दोर खुंटाला अडकवला. मागे वळून पाहतो तो होडी आहे, बळवंत नाही.

दुसऱ्या लाटेनं त्याला मागे ओढून नेलं होतं. फेसात त्याचं डोकं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. हात वर आला. लाट त्याला खडकावर आपटायला आणत होती आणि पुन्हा ओढून नेत होती. क्लेमेंटनं कमरेच्या कोयत्याचा एक घाव घालून बांबू मोकळा केला, कालवांवरून धावत कडेला गेला आणि बांबू पुढे केला.

“धर! बळ्या, धर!”

पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा बळवंतनं दोन्ही हातांनी बांबू पकडला. क्लेमेंटनं पाय कातळाच्या फटीत रोवले. तळव्यात कालव घुसलं ते त्याला कळलंही नाही. लाट ओढत होती, तो ओढत होता. बांबू दोन दगडांमध्ये तिरका अडकला. कडकन आवाज झाला! बांबूच मोडला! पण तेवढ्यात पुढची लाट आली आणि तिनं बळवंतला क्लेमेंटच्या अंगावरच फेकलं. दोघं एकमेकांना धरून पाठीपर्यंत सरपटत गेले. बांबूचा लांब तुकडा दर्यानं नेला. क्लेमेंटच्या हातात काठीएवढा उरला.

बळवंत खोकत होता. त्याची छाती, दंड, पोट सगळीकडे कालवांनी ओरखडलेलं, रक्त खाऱ्या पाण्याबरोबर वाहत होतं. बोलता आलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “बांबू?”

“गेला.”

“मग आलो कशाला आपण?”

क्लेमेंट दर्याकडे वळला. ओहोटी सरली होती, दर्या क्षणभर शांत झाला होता. आता भरती लागणार होती, आणि तीही पुनवेची. खुंटाला चिकटलेल्या शेवाळाची रेघ त्यानं नजरेनं मोजली. ती खुंटाच्या अगदी टोकापर्यंत होती, आणि खुंट तर पाठीवर सगळ्यात उंच जागी! रोजच्या भरतीला ओटीएवढी जागा राहते. आज तीही राहणार नव्हती. किनाऱ्यावरून आपण दोन कावळ्यांएवढेही दिसत नसू, हे त्याला ठाऊक होतं. आणि कासवाजवळ आंधळेपणानं होडी घालायला कोण येणार? चंदर तर पाण्यात पाऊलही टाकत नाही.

पाणी चढू लागलं. आधी कालवं बुडाली, मग खाचा भरल्या. बळवंत खुंटाला पाठ लावून बसला, डोळे मिटून. क्लेमेंटला बसवेना. तो त्या चार पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालत होता, लंगडत, ओठ चावत. आपल्या गप्पांपायी या माणसाचा जीव जाणार. चंदरची एक होडी खडकानं घेतली, भाऊ आपण घेतला. किनाऱ्यावर बसलेल्या त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, आणि दाखवायला तोंड तरी परत जाणार का?

त्याच्या पायाला होडी लागली. मेलेल्या म्हशीसारखी जड, पाण्यानं तट्ट फुगलेली. त्यानं चिडून तिच्या टोकाला लाथ मारली. टोक थोडं हललं आणि गवतातून भळभळ पाणी निघालं.

क्लेमेंट थांबला. त्यानं वाकून टोक वीतभर उचललं. पाणी धो धो गळायला लागलं.

“बळ्या! ऊठ!”

“काय?”

“बांबू गेला तर गेला. हिला उभी करू!”

बळवंतनं डोळे उघडले. एक क्षण त्याला काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. दोन पुरुष उंच होडी, टोक आभाळाकडे. पिंपापेक्षा उंच!

आधी त्यांनी क्लेमेंटच्या कमरेचं लुगडं सोडून टोकाला घट्ट बांधलं आणि होडीवर उरलेले दोरही तिथेच अडकवले. मग होडीचं बूड खुंटाशी आणलं आणि टोकाखाली खांदे दिले. हातभर उचलायची, खाली दगड सरकवायचा, थांबायचं. पाणी गळू द्यायचं. जरा हलकी झाली की पुन्हा हातभर. दगडाच्या जागी बांबूचा तुकडा टेकू म्हणून लागला. एकदा सगळंच घसरलं आणि बळवंत खाली चिरडता चिरडता वाचला.

“थांबू या?” क्लेमेंटनं विचारलं.

“गप! उचल!”

पाणी घोट्याला लागलं. मग पोटरीला. “हैय्या!” दोघांनी शेवटचा जोर लावला आणि होडी उभी राहिली! बळवंतनं बूड खुंटाला आवळलं, क्लेमेंटनं तीन बाजूंनी दोर ताणून कातळाच्या सुळक्यांना गाठी मारल्या. वारा सुटला होता. वर लाल लुगडं फडाफडा उडू लागलं. गवतातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, दोघांच्या डोक्यावरून, पाठीवरून, आणि ते दोघं खालून तिच्याकडे तोंड वर करून बघत होते.

मग त्यांनी स्वतःलाही तिच्या बुडाशी बांधून घेतलं. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. लाटा अंगावरून जायला लागल्या. प्रत्येक लाटेबरोबर होडी हलायची, दोर करकरायचे आणि पुन्हा ती सरळ व्हायची. ऊन तापलं. क्लेमेंट किनाऱ्याकडे बघत होता. माडांशिवाय काही दिसत नव्हतं. त्याला प्रार्थनेचे शब्द आठवेनात, तेव्हा तो नुसतंच मार्सेलिनाचं नाव घेत राहिला.

“इंजिन,” बळवंत एकदम म्हणाला.

क्लेमेंटला काही ऐकू आलं नाही.

“आपल्या होडीचं इंजिन. मी झोपेत ओळखीन!”

ती आली. खडकाला मोठा वळसा घालून, खोल पाण्यातून, सावकाश. पुढे मार्सेलिना उभी, पदर खोचून, दोन्ही हात हलवत. आणि मागे सुकाणूवर, एक पाय ताठ बाजूला टाकून, चंदर!

बळवंतनं हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. लहान मुलासारखा रडला तो, “दादा, दादा” करत.

चंदरनं घाई केली नाही. उभ्या होडीकडे नजर रोखून त्यानं खडकाचा अंदाज घेतला, समुद्राच्या अंगाला, सुरक्षित अंतरावर नांगर टाकला आणि एक रिकामा तेलाचा डबा दोराला बांधून पाण्यात सोडला. भरतीच्या ओढीनं डबा डुलत डुलत खडकाकडे निघाला. दोनदा तो बाजूनं निघून गेला. तिसऱ्यांदा क्लेमेंटनं लाटेत झोकून देऊन तो पकडला. आधी बळवंत गेला, मग क्लेमेंट. बुडालेल्या कालवांवरून, नाकातोंडात पाणी जात, ते दोघं होडीवर ओढून घेतले गेले.

मार्सेलिनानं क्लेमेंटचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि लगेच पाठीत एक धपाटा घातला. “मेला असतास ना, तर जीव घेतला असता तुझा!”

“कसं कळलं तुम्हाला?” बळवंतनं विचारलं. दात वाजत होते त्याचे.

“याला विचार,” मार्सेलिना म्हणाली. “सकाळपासनं बसला होता तिथंच. एकदम ओरडला, कासवावर कुणीतरी उभं हाय! बघते तर काठी टाकून पाण्यात शिरलेला, छातीपर्यंत! होडीवर चढूनच थांबला. मी मागनं उडी मारली.”

चंदरनं नांगर उचलायला लावला, इंजिन चालू केलं आणि होडी वळवली. बरंच पुढे गेल्यावर त्यानं मागे पाहिलं. चहूकडे सपाट पाणी. खडक पूर्ण बुडाला होता. आणि पाण्यातूनच उगवल्यासारखी ती गवताची होडी उभी होती, पिवळी, अजून थेंब थेंब गाळत, वर लाल लुगडं.

“माझ्या वेळेला हे असतं तर,” चंदर म्हणाला. जरा वेळानं तो क्लेमेंटकडे वळला. “किती दिवस टिकेल रे ही?”

“वाळली तर पावसाळ्यापर्यंत. सडली तर दुसरी करू.”

“करू,” चंदर म्हणाला. “आणि ही फुगवायची नाय.”

बळवंत हसला, आणि हसताना ओरखडे दुखले म्हणून कण्हला.

मार्सेलिनानं क्लेमेंटच्या तळव्यातलं कालव काढून पट्टी बांधली. तिला वाटलं, आता सुरू होणार. आता हा पेरू काढणार. तो काढत नाही म्हटल्यावर तिलाच काळजी वाटली.

“बोल ना,” ती म्हणाली. “आणखी काय काय बघितलंस तिथं? आज ऐकते मी. कच्च्या मासळीचं पण सांग.”

क्लेमेंटनं तोंड उघडलं. किनाऱ्यावरचं ते मातीचं शहर, ते जांभळे बटाटे, सगळं जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं.

“बघितलं खूप,” तो म्हणाला. “विचारलं मात्र काहीच नाय गं.”

आणि जाळ्यांच्या ढिगाला टेकून तो बसल्या जागी झोपी गेला. त्याचे गुडघे स्थिर होते. चंदरनं इंजिनाचा वेग कमी केला आणि उभी होडी उजव्या हाताला ठेवून खाडीत शिरला.